वाचकांचे प्रश्न : हंगाम संपला तरी संकेतस्थळ चालू ठेवावे का?

कोणत्याही कंपनीचे पाठबळ नसताना स्वतःचे किंवा गावातल्या चार जणांचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांच्या पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची देवगड तालुक्यात हापूसची कलमे आहेत आणि काही वर्षांपासून आम्ही स्वतःच्या वेबसाइटवरून मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना थेट पेट्या पाठवतो. जूनमध्ये आंबा संपला की वेबसाइट बंद करतो आणि फेब्रुवारीत पुन्हा सुरू करतो. दर वर्षी ती गूगलच्या शोधात पहिल्यासारखी वर यायला एप्रिल उजाडतो आणि तोवर चांगल्या भावाचे दिवस निघून गेलेले असतात. जाहिरातीवर पैसे खर्च करावेत का?
— बागायतदार, देवगड

उत्तर : जाहिरातीचा विचार नंतर करू. आधी वेबसाइट बंद करण्याची पद्धत थांबवावी, कारण आपल्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. गूगलचा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारी त्याची संगणकप्रणाली, आपल्या पानांवर अधूनमधून येत असतो. त्याला पान मिळाले नाही तर तो काही दिवसांनी पुन्हा येऊन पाहतो, मग त्याच्या फेऱ्या कमी होतात आणि अखेरीस ती पाने शोधाच्या सूचीतून गळतात. एक-दोन दिवसांच्या दुरुस्तीसाठी ‘५०३’ हा तात्पुरत्या अनुपलब्धतेचा संकेत देऊन संकेतस्थळ बंद ठेवता येते, मात्र त्याहून अधिक काळ असे करू नये आणि व्यवहार थांबवायचा असला तरी पाने उघडी ठेवून फक्त खरेदीची सोय बंद करावी, असा गूगलचाच सल्ला आहे. आपण सात-आठ महिने दार लावून घेता, म्हणजे दर फेब्रुवारीत आपली ओळख जवळजवळ नव्याने करून द्यावी लागते. यातून पैसेही वाचत नाहीत, कारण साध्या होस्टिंगचे, म्हणजे संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवले जाते त्या जागेचे, शुल्क बहुधा वर्षाचे एकदमच भरलेले असते.

जूनमध्ये करायचे ते एवढेच, की खरेदीचे बटण काढून त्या जागी ‘या हंगामाचा आंबा संपला आहे, पुढील हंगामात कळवण्यासाठी आपला क्रमांक द्या’ अशी ओळ आणि छोटा अर्ज ठेवावा. या अर्जातून जमणारी यादी, विशेषतः ज्यांनी आपला आंबा एकदा खाल्ला आहे अशा ग्राहकांची यादी, कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडते. मात्र त्यांनी संमती दिली असेल तरच संदेश पाठवावेत, आणि तेही हंगामात मोजकेच. रोज सकाळी शुभेच्छांची चित्रे पाठवणाऱ्या विक्रेत्याचा क्रमांक लोक कसा बंद करून टाकतात, हे आपण सगळेच जाणतो. दुसरे असे, की दर वर्षी पत्त्यात साल घातलेले नवे पान तयार करू नये. हापूसच्या पेट्यांचे एकच पान आणि त्याचा एकच पत्ता कायम ठेवावा, म्हणजे त्या पानाकडे येणारे दुवे आणि वर्षानुवर्षे साठलेली ओळख एकाच ठिकाणी राहते. भाव मात्र हंगामात उतरत जातो, म्हणून भावाच्या शेजारी तारीख अवश्य लिहावी.

पावसाळ्यात आणि थंडीत लिहायचे काय, असे आपण विचारलेले नाही, पण खरे काम तेच आहे. ग्राहक फोनवर जे विचारतात तेच गूगललाही विचारतात. अढीत आंबा किती दिवस ठेवायचा, पेटीत किती नग बसतात, वरून चांगल्या दिसणाऱ्या फळात साका, म्हणजे गरातला न पिकलेला स्पंजासारखा भाग, का निघतो आणि निघाला तर बदलून मिळेल का, देवगडच्या नावाखाली दुसरीकडचा आंबा विकला जातो तो ओळखायचा कसा, या प्रत्येक प्रश्नाला एक स्वतंत्र आणि सरळ लिहिलेले पान द्यावे. साका बाहेरून ओळखता येत नाही, हे स्पष्ट लिहायला कचरू नका. त्या कबुलीने गिऱ्हाईक जात नाही, उलट टिकते. कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपण त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर नोंदणीचा उल्लेख संकेतस्थळावर ठळक असावा, आणि केली नसेल तर ‘मानांकित’ हा शब्द वापरू नये. आमरसाचे डबे किंवा लोणचे विकणार असाल तर अन्न सुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही तिथे दिसला पाहिजे.

आपल्या मेहनतीचे फळ मोजताना मार्चची तुलना फेब्रुवारीशी करू नका, मागच्या मार्चशी करा. आपले संकेतस्थळ शोधात कसे दिसते हे दाखवणाऱ्या गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मध्ये गेल्या सोळा महिन्यांची माहिती मिळते, म्हणजे हंगामाची तुलना आदल्या हंगामाशी जेमतेम करता येते. त्यामागची माहिती पुसली जात असल्याने जून संपताना ती उतरवून घेऊन स्वतःकडे ठेवावी. एवढे झाल्यावरही जाहिरात करावीशी वाटली तर ती पहिल्या तोडीच्या सुमारास, थोडेच आठवडे आणि आपली गाडी जिथे पोहोचते तेवढ्याच भागांपुरती करावी. एप्रिल-मेमध्ये आंबा स्वस्त असतो आणि जाहिराती देणारेही पुष्कळ असतात, तेव्हा त्या पैशातून फारसे काही हाती लागत नाही.

प्रश्न : आम्ही गुहागरजवळ निवास-न्याहारी चालवतो. आमची वेबसाइट ओळखीच्या एका मुलाने करून दिली आणि तिचे नाव (डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता) त्याने स्वतःच्या खात्यातून घेतले. पैसे दर वर्षी आम्हीच त्याला देत होतो. आता तो फोन उचलत नाही आणि नावाची मुदत दोन महिन्यांत संपते आहे. वेबसाइटवर, पाटीवर, कार्डावर सगळीकडे तेच नाव आहे. काय करावे?
— निवास-न्याहारी चालक, गुहागर तालुका

उत्तर : बाग आपण राखायची, पैसे आपण घालायचे आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, असा हा प्रकार आहे. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत ही तक्रार सर्वांत जास्त आढळते. बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते. काम करणाऱ्याने सोयीसाठी सगळ्या ग्राहकांची नावे एकाच खात्यात घेतलेली असतात आणि पुढे त्याची नोकरी लागते किंवा तो गाव सोडतो. हेतू काहीही असला तरी ज्याच्या खात्यात नाव आहे त्याच्याच हाती त्याचा ताबा राहतो, आणि पैसे आपण दिले एवढ्यावर तो ताबा आपोआप आपल्याकडे येत नाही.

प्रथम ‘हू-इज’ या नोंदीत नाव घालून ते कोणत्या नोंदणीकर्त्या कंपनीकडे आहे आणि मुदत नेमकी कधी संपते, हे पाहावे. नोंदणीत मालकाचे नाव किंवा इमेल आपले असेल (पुष्कळदा ते असते आणि आपल्यालाच माहीत नसते) तर काम सोपे आहे. त्या कंपनीच्या मदत कक्षाला पावत्या आणि ओळखपत्र दाखवून खाते आपल्याकडे घेता येते. नोंदणी त्या मुलाच्याच नावाने असेल तर त्याची संमती मिळवण्यावाचून गत्यंतर नाही. फोन सोडून त्याच्या घरच्यांमार्फत, शांतपणे आणि लेखी विनंती करावी, आणि त्याला नेमके काय करायचे आहे तेही सांगावे. त्याने नावाचे कुलूप काढून हस्तांतराचा संकेतांक आपल्याला द्यायचा आहे, किंवा त्याच कंपनीत आपले खाते उघडून त्यात नाव सरकवायचे आहे. हे काही मिनिटांचे काम आहे आणि भांडण न करता मागितले तर लोक बहुधा करून देतात. नवी नोंदणी किंवा हस्तांतर झाल्यानंतर साधारण साठ दिवस नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, म्हणून दिवस मोजूनच पुढे जावे.

मुदत संपण्याच्या तारखेलाच नाव हातचे जाते असे नाही. ‘.कॉम’ नावांच्या बाबतीत नोंदणीकर्ती कंपनी बहुधा काही दिवसांची सवलत देते, त्यानंतर तीस दिवस जादा शुल्क भरून जुन्या धारकाला ते सोडवता येते, मग पाच दिवसांनी ते खुले होते. पण चांगल्या नावांवर टपून बसलेले लोक असतात आणि काही कंपन्या अशी नावे मध्येच लिलावात काढतात, त्यामुळे ‘खुले झाले की घेऊ’ या भरवशावर राहू नये. कायदेशीर तक्रारीची वाट मुख्यतः नोंदवलेल्या व्यापारचिन्हाच्या आधारे चालते आणि लहान व्यवसायाला ती परवडणे कठीण असते.

म्हणून आजच दुसरी तयारीही सुरू करावी. नव्या नावाची नोंदणी स्वतःच्या इमेलवर करावी. संकेतस्थळावरील मजकूर आणि छायाचित्रे आत्ताच उतरवून घ्यावीत, आणि ते जमले नाही तर ‘वेबॅक मशीन’ या जुन्या पानांच्या संग्रहात त्यांची प्रत मिळते का ते पाहावे. गूगल नकाशावरील व्यवसायाची नोंद आपल्या ताब्यात असेल तर तेथील दुवा एका क्षणात बदलता येतो, आणि आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी पुष्कळ जण त्याच वाटेने येत असतात. ती नोंदही त्या मुलाच्याच खात्यात असेल तर गूगलकडे मालकीची मागणी नोंदवण्याची सोय आहे. जुने नाव परत मिळालेच तर ते सोडून न देता जुन्या पानांवरून नव्या पानांकडे कायमचे वळण, म्हणजे ‘३०१’, निदान वर्षभर ठेवावे.

प्रश्न : प्रत्येक पानाच्या कोडमध्ये पन्नास-साठ ‘कीवर्ड’ लिहून ठेवले तर वेबसाइट वर येते, असे एका व्हिडिओत सांगितले होते. खरे का?
— वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही. पानांचा क्रम ठरवताना आपण ही यादी विचारातच घेत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. तो वेळ पानाचे शीर्षक नीट लिहिण्यात घालवावा. ‘मुख्यपृष्ठ’ हे शीर्षक असलेली वेंगुर्ल्याच्या काजूची किती संकेतस्थळे असतील, देव जाणे.

प्रश्न : मी मालवणात घरून काम करते आणि काही होमस्टे व स्कूबावाल्यांच्या वेबसाइट सांभाळते. ‘महिनाभरात गूगलवर पहिला क्रमांक, पाचशे बॅकलिंक’ अशा मेल रोज येतात आणि माझे ग्राहकही विचारतात की हे का करत नाही. आम्ही सगळ्यांनी एकमेकांच्या वेबसाइटचे दुवे तळाशी द्यावेत, असाही एक विचार आहे. आपले मत?
— वाचक, मालवण

उत्तर : पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे. ते वाक्य छापून ग्राहकांना दाखवावे. विकत घेतलेल्या बॅकलिंकवर, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांवर, गूगलने २०१२ सालच्या ‘पेंग्विन’ या बदलापासून जोरदार कारवाई सुरू केली. आज असे दुवे पुष्कळदा नुसते दुर्लक्षिले जातात आणि क्वचित त्यांच्यामुळे संकेतस्थळावर थेट दंडात्मक कारवाईही होते, म्हणजे पैसे तर जातातच आणि कधी त्याहून जास्त जाते. जाहिरात म्हणून एखाद्या पानावर दुवा घेतलाच तर तो ‘स्पॉन्सर्ड’ या खुणेसह असावा. एकमेकांचे दुवे तळाशी टाकण्याचा बेतही सोडून द्यावा. मात्र होमस्टेच्या पानावर ‘पाहुण्यांना डायव्हिंगसाठी आम्ही यांच्याकडे पाठवतो’ असे लिहून मजकुरात दिलेला एखादा दुवा योग्यच आहे, कारण तो पाहुण्याच्या उपयोगाचा असतो. दुवा कोणासाठी दिला आहे, एवढे एकच स्वतःला विचारावे.

आमच्या अंदाजाने आपल्या ग्राहकांच्या संकेतस्थळांची खरी अडचण वेगळी असावी. किनाऱ्यावरच्या होमस्टेंची संकेतस्थळे एकामागून एक उघडून पाहिली तर प्रत्येकावर ‘निसर्गाच्या कुशीत, अथांग सागराच्या साक्षीने’ हाच परिच्छेद सापडतो, आणि तो कोणी कोणाचा उचलला हे आता सांगणेही शक्य नाही. गूगलने एकसारख्या पानांतून एखादेच दाखवले तर त्यात त्याचा दोष नाही. प्रत्येक घराचे जे त्या घरापुरते खरे आहे ते लिहावे. समुद्र चालत किती मिनिटांवर आहे, मोठी गाडी अंगणापर्यंत येते की पाणंदीच्या तोंडाशी ठेवावी लागते, वयस्कर माणसांना जिना चढावा लागतो का, शाकाहारी जेवणात नेमके काय मिळते, कुडाळ स्थानकावरून यायला रिक्षा मिळते का, हे सगळे पाहुण्याला आधी कळले पाहिजे. तारकर्लीत स्कूबा कोणत्या महिन्यांत असते, पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात त्या पुन्हा कधी सुरू होतात, समुद्र खवळला तर आगाऊ रक्कम परत मिळते का, ही उत्तरे देणारे पान मालवणात राहणारी व्यक्तीच वेळच्या वेळी सुधारू शकते. मुंबईत बसलेल्या पाचशे दुव्यांच्या व्यापाऱ्याला ते जमणारे नाही.

नकाशावरील नोंदीविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. व्यवसायाच्या नावात ‘बेस्ट होमस्टे मालवण सी फेसिंग’ असे शेपूट जोडू नये. पाटीवर आहे तेच नाव द्यावे लागते आणि हा नियम मोडल्यास नोंद स्थगित होऊ शकते. हे भर मे महिन्यात घडले तर हंगाम बुडालाच म्हणून समजा. दुसरे म्हणजे, अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा सोलकढीचा फुकट पेलासुद्धा देऊ नये. अभिप्राय मागायला हरकत नाही, पण सर्वांकडे मागावा. खूश दिसलेल्या पाहुण्यांपुरताच मागू नये. आपल्याकडच्या वाड्यांना घरक्रमांक सापडत नाहीत, तेव्हा नकाशावरची खूण स्वतः उभे राहून तपासावी आणि ‘प्लस कोड’, म्हणजे गूगल नकाशावर त्या जागेसाठी मिळणारा छोटा संकेतांक, संपर्काच्या पानावर द्यावा. रात्री नऊ वाजता पाहुण्याची गाडी भलत्याच वाडीत शिरली की वाईट अभिप्रायाची सुरुवात तिथेच होते.

आपल्या ग्राहकांना वार्षिक देखभालीचे शुल्क लेखी ठरवून द्यावे आणि नावे त्यांच्याच खात्यांत ठेवावीत, म्हणजे वरच्या पत्रातला प्रसंग आपल्यामुळे कोणावर येणार नाही.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी दापोली परिसरातील ग्रामदैवते, शिमग्याच्या पालख्या आणि जुन्या वाटांविषयी मराठीत लिहितो. पूर्वी एका जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेला बराच मजकूर आहे. तो शोधात येत नाही. पानांचे पत्ते मराठीत ठेवावेत का, आणि यातून जाहिरातीचे उत्पन्न मिळेल का?
— निवृत्त शिक्षक, दापोली

उत्तर : जुन्या फाँटमध्ये आपल्याला दिसणारे ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते, म्हणून शोधयंत्राला तो मजकूर मराठी आहे हेच कळत नाही. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीत, बदलून घेण्यावाचून इलाज नाही. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण बदललेला मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय प्रसिद्ध करू नये. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व इकार दिसतो तसा अक्षराच्या आधी टंकलेला असतो आणि युनिकोडमध्ये तो अक्षरानंतर येतो, त्यामुळे जोडाक्षरांपाशी तो हमखास चुकतो. रफार आणि ‘किनाऱ्यावर’ मधला अर्धा र यांचीही तीच गत होते. आपल्या मजकुरात डोंगर, दऱ्या आणि पायऱ्या भरपूर असणार, तेव्हा हे काम सावकाशच करावे. त्याबरोबरच पानाच्या कोडमधील भाषेची खूण ‘मराठी’ आहे ना हे पाहावे. तयार साच्यांत ती बहुधा इंग्रजी असते आणि मग अंध वाचकांसाठी मजकूर वाचून दाखवणारी साधने त्याचा चुकीचा उच्चार करतात.

पानांचे पत्ते मराठीत ठेवता येतात आणि गूगलला ते वाचताही येतात. अडचण माणसांना येते. असा पत्ता नक्कल करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की पुष्कळदा प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी टक्केचिन्हांसह नऊ रोमन चिन्हे उमटतात आणि ओळभर पत्ता पाहून लोक तो घातक दुवा समजतात. पत्ते रोमन लिपीत आणि आटोपशीर ठेवावेत, शीर्षके आणि मजकूर मराठीतच असावा. ‘.भारत’ हे देवनागरी नाव २०१४ पासून उपलब्ध आहे. हौस म्हणून ते जरूर घ्यावे, पण फोनवरून पत्ता सांगताना येणारा त्रास लक्षात घेता त्याच्या जोडीला एक रोमन नाव हवेच.

उत्पन्नाचे म्हणाल, तर गूगलच्या ॲडसेन्स योजनेत मराठी संकेतस्थळांना जाहिराती मिळतात. खात्यात दहा डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीचा संकेतांक टपालाने येतो, म्हणून पत्ता आपल्या पोस्टमनला कळेल असा लिहावा. पैसे शंभर डॉलर जमल्यावर मिळतात. ग्रामदैवतांवरच्या संकेतस्थळाला ते शंभर जमायला किती काळ लागेल हे वाचकसंख्येवर अवलंबून आहे आणि आमचे मत विचाराल तर ते गणित सुरुवातीला मांडूच नये. शिमग्याच्या आधी पालख्यांच्या तारखांचे पान अद्ययावत केले तर मुंबईहून गावी निघालेले चाकरमानी ते नक्की शोधतील. त्या पानावर पाच जाहिराती उड्या मारू लागल्या तर मात्र पुढच्या वर्षी ते येणार नाहीत.

प्रश्न : पावसात आमच्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही जाते. अशा वेळी वेबसाइटची काळजी कशी घ्यावी?
— वाचक, श्रीवर्धन

उत्तर : ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर धडकले आणि त्यानंतर कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती, तेव्हा हा प्रश्न रास्तच आहे. आपले संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे तो बहुधा दूरच्या शहरात असल्याने गावातली वीज गेली तरी ते चालू राहते. बंद पडतो तो आपला त्याच्याशी असलेला संपर्क. त्यामुळे सगळी कामे मे महिन्यातच उरकावीत. फाइली आणि डेटाबेस या दोहोंची प्रत घ्यावी, कारण वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीत लेखांचा मजकूर डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या वेगळ्या साठ्यात, असतो आणि नुसत्या फाइलींतून तो परत मिळत नाही. एक प्रत होस्टिंग कंपनीबाहेर असावी, आणि घरातल्या ड्राइव्हशिवाय आणखी एक मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर ठेवावी. नावाची किंवा होस्टिंगची मुदत जून ते सप्टेंबरदरम्यान संपत असेल तर ती आधीच वाढवून घ्यावी. ‘.कॉम’ नाव एकाच वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदवून ठेवता येते. कार्डावरून आपोआप पैसे वळते होतील यावर विसंबू नये, कारण त्यातले व्यवहार कधी कधी बँकेच्या मंजुरीअभावी अडतात आणि तसे झाल्याची सूचना नेमकी त्या वेळी बंद असलेल्या फोनवर येते.

लोक बहुधा विसरतात ते ओटीपीचे. वाय-फाय कसेबसे चालू आहे, पण मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी खात्यात शिरता येत नाही. म्हणून महत्त्वाच्या खात्यांना संकेतांक तयार करणारे ऑथेंटिकेटर ॲप जोडून ठेवावे, ते रेंजशिवायही चालते. त्याबरोबर मिळणारे राखीव संकेतांक कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावेत आणि ते कुठे आहेत हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.